मदत हवी आहे: पिकअपचा चौथा स्पार्क प्लग अडकलाय

ओझंवाहू (सायं. ७:४०)
तीन प्लग निघाले. शेवटचा, केबिनच्या बाजूचा, पाव वेढा सुटला आणि आता जागचा हलत नाही. पहाटे पाचला माल भरून निघायचंय. पान्याला पाइप लावून जोर देऊ का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, लवकर.

आटेवाला (७:४६)
पाइप अजिबात लावू नका. हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचं असेल तर प्लगसोबत आटे येतील, नाहीतर प्लग मधूनच मोडेल. पेट्रोल की सीएनजी? किती चाललेत हे प्लग? आणि इंजिन गार आहे का?

ओझंवाहू (७:५१)
पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीला वीज देणारी). प्लग किती चालले माहीत नाही, गाडी जुनी घेतलेली. गाडी मिसिंग करत होती, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नव्हता, म्हणून बदलतोय. पाइप नाही तर मग काय करू ते सांगा.

चारचाकी_चिंतामणी (७:५५)
नवे कोणते टाकताय? साधे निकेलचे टाकू नका. मी इरिडियम टाकले, त्यानंतर लाखभर किलोमीटर बॉनेटखाली त्या कामासाठी हात घातला नाही. फक्त गॅप (ठिणगी पडते ते अंतर) नाण्यासारख्या चकतीच्या गेजने उघडायला जाऊ नका, टोक बारीक असतं, मोडतं.

ओझंवाहू (७:५८)
नवे घेऊन ठेवलेत. जुना निघत नाहीये.

काळा_धूर (८:०२)
म्हणूनच मी डिझेल घेतली. स्पार्क प्लगची भानगडच नाही.

आटेवाला (८:०५)
डिझेलचा ग्लो प्लग (सुरू करताना तापणारा) हेडमध्ये मोडला की कळेल भानगड काय असते. तो तर याहून सडपातळ. कृपया विषयावर राहू. ओझंवाहू, इंजिन गार आहे का, हे अजून सांगितलं नाहीत.

ओझंवाहू (८:०९)
फेरीवरून आलो आणि लगेच बॉनेट उघडलं. बाकीचे तीन तसेच निघाले की.

आटेवाला (८:११)
इथेच अडलंय. पाना बाजूला ठेवा. गरम ॲल्युमिनियममधून प्लग ओढला की आटे खरवडून निघतात. निदान दोन तास थांबा. तोवर उघड्या तीन भोकांवर स्वच्छ फडकं टाका.

गॅरेजकाका (८:२०)
पूर्ण थंड करू नये असं माझं मत. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे कोमट इंजिनात पकड सैल होते. मी आयुष्यभर कोमटच काढले.

आटेवाला (८:२४)
काका, न हललेल्या प्लगला ते ठीक. हा पाव वेढा फिरून अडकलाय, म्हणजे आट्यांत कार्बन दाटलाय. तिथे कोमट करण्यापेक्षा गंज सोडवायचं तेल आणि वेळ जास्त कामाला येतो.

गॅरेजकाका (८:२६)
तेलाला हरकत नाही. पण आधी भोकात हवा मारून माती उडवा, नाहीतर ती सगळी सिलिंडरात.

आटेवाला (८:३०)
बरोबर. मग तेल सोडा, अर्धा तास मुरू द्या. आता सोडवायच्या दिशेने जोर नको. आधी थोडं परत आवळा, मग तेवढंच सोडा, पुन्हा आवळा. दर वेळी केसभर जास्त सुटेल. करकर आवाज आला की थांबून पुन्हा तेल.

चारचाकी_चिंतामणी (८:४१)
नवे बसवताना आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, म्हणजे पुन्हा ही वेळ येणार नाही.

आटेवाला (८:४४)
नको! एनजीकेसारखे प्लग बनवणारेच आपल्या मुलामा दिलेल्या आट्यांना ते लावू नका म्हणतात. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) प्लग जास्त आवळला जातो.

चारचाकी_चिंतामणी (८:४७)
मी कायम लावतो आणि टॉर्क कमी ठेवतो. काही झालं नाही.

गॅरेजकाका (८:५०)
तुम्ही टॉर्क कमी ठेवता, नवखा ठेवेलच असं नाही. १४ मिमीचा वॉशरवाला प्लग, ॲल्युमिनियम हेड: २५ ते ३० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर बोटांनी पूर्ण बसवून नंतर अर्धा ते दोन तृतीयांश वेढा. निमुळत्या बैठकीचा असेल तर बोटांनंतर वेढ्याचा फक्त सोळावा हिस्सा, हे लक्षात ठेवा. आणि सुरुवात रबरी नळीच्या तुकड्याने करा. आटे तिरके लागले तर नळी घसरते, पाना घसरत नाही.

ओझंवाहू (रात्री ११:१५)
निघाला!! पाऊण तास मागेपुढे करत होतो. आट्यांवर काळा थर आहे, ॲल्युमिनियमची चमक कुठे दिसत नाही. सॉकेट मात्र तेलाने माखून आलं. भोकात आधीपासूनच तेल होतं, ते सांगायचं राहिलं.

आटेवाला (११:१९)
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. गंज सोडवायचं तेल नव्हे ना? इंजिन ऑइल?

ओझंवाहू (११:२१)
इंजिन ऑइल. कॉइलचं रबरही फुगलंय.

गॅरेजकाका (११:२८)
मग मिसिंग तिथूनच असणार. व्हॉल्व्ह कव्हरखालचं प्लगच्या नळीचं सील गेलंय. आज भोक पुसून कोरडं करा. नवा प्लग बसवायच्या आधी कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, चारही भोकं उघडी ठेवून स्टार्टर दोन सेकंद फिरवा, आत गेलेलं तेल बाहेर फेकलं जाईल. तोंड लांब ठेवा.

ओझंवाहू (१२:०५)
बसवला. इंजिन एकसारखं चालतंय. फुगलेल्या रबराची कॉइल तशीच लावलीय. पाचला निघालो तर चालेल?

आटेवाला (१२:०९)
निघा, पण चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जातं आणि तो खराब होतो. परत आल्यावर सील आणि ते रबर आधी बदला.