मदत हवी आहे: वीज पडण्यापासून घर आणि घरातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे कशी वाचवावीत?

नमस्कार मंडळी,

आमच्या घराला आणि घरातील उपकरणांना विजेपासून संरक्षण द्यायचे आहे. परंतु आतापर्यंत मिळालेले सल्ले एकमेकांच्या अगदी विरुद्ध असल्यामुळे हा धागा काढत आहे. विद्युत अभियांत्रिकीतील आणि प्रत्यक्ष वायरिंगच्या कामातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी परिस्थिती सांगते. घर स्वतंत्र आणि दुमजली असून भोवताली मोकळी जागा आहे. गच्चीवर पाण्याची टाकी, तिचा लोखंडी सांगाडा आणि टीव्हीची डिश आहे. वीजपुरवठा खांबावरून उघड्या तारांनी येतो. मेन बोर्डात एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) दोन्ही आहेत, अर्थिंगही आहे. इंटरनेट फायबरने येते आणि राउटरपासून वरच्या खोलीतील कॉम्प्युटरपर्यंत तांब्याची नेटवर्क केबल ओढलेली आहे.

मागे एका वादळात घराजवळच्या झाडावर वीज पडली. घरावर थेट काहीच पडले नाही, एकही एमसीबी पडला नाही. तरीही टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर कायमचे बंद पडले. कॉम्प्युटर सुरू होतो, पण त्याचे नेटवर्क पोर्ट गेले आहे. फ्रिज, पंखे आणि दिवे मात्र व्यवस्थित आहेत. टीव्ही आणि राउटर या दोघांनाही स्पाइक गार्डची पट्टी लावलेली होती, त्यामुळे नेमके काय घडले हे आम्हाला उमगलेले नाही.

आमच्या वायरमनचे म्हणणे असे आहे की, इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी घराच्या मागच्या बाजूला वेगळा खड्डा घेऊन स्वतंत्र अर्थिंग करावे आणि ते जुन्या अर्थिंगला मुळीच जोडू नये. एका विक्रेत्याने गच्चीवर वीज झेलणारा एकच खास दांडा (लाइटनिंग रॉड) उभारला की आजूबाजूच्या मोठ्या परिसरालाही संरक्षण मिळते, असे सांगितले. नात्यातील एका वडीलधाऱ्यांचे मत याच्या उलट आहे: दांड्यामुळे वीज आपल्याकडे ओढली जाईल. यातले खरे काय? एसपीडी (तारांवरून येणारा क्षणिक जादा दाब रोखणारे साधन) बसवायचे झाल्यास कोणत्या प्रकारचे आणि कुठे बसवावे? वादळापूर्वी सगळे प्लग काढून ठेवणे हाच उत्तम उपाय आहे हे मला मान्य आहे, पण घरी अनेकदा फक्त वृद्ध आईवडील असतात आणि जड कपाटामागचे प्लग काढण्याची धडपड त्यांनी करावी असे मला वाटत नाही.

प्रतिसाद

आपण बिघाडाचे वर्णन इतके नेमके केले आहे की कारण बहुतांशी त्यातच दिसते. फक्त वीजपुरवठ्याची जोडणी असलेली उपकरणे वाचली. जी गेली, त्या प्रत्येकाला वीजपुरवठ्याखेरीज आणखी एक तार जोडलेली होती: टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सला डिशची, राउटरला आणि कॉम्प्युटरला नेटवर्कची. अशा दोन तारा वेगवेगळ्या वाटांनी एकाच उपकरणात येतात, तेव्हा त्यांचे मिळून एक मोठे वेटोळे तयार होते. जवळ पडलेल्या विजेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो, आणि तो उपकरणाच्या आतूनच वाट काढतो. स्पाइक गार्डची पट्टी फक्त वीजपुरवठ्याच्या बाजूकडे पाहते. डिशच्या केबलवर काय चालले आहे याच्याशी तिचा संबंधच येत नाही.

याच कारणासाठी स्वतंत्र अर्थिंगचा सल्ला कृपया स्वीकारू नका. विजेच्या पहिल्या झटक्याचा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअर असतो. अर्थिंगचा रोध १० ओहम इतका चांगला धरला आणि हा सारा प्रवाह त्यातून गेला असे मानले, तरी त्या अर्थिंगचा दाब दूरच्या जमिनीच्या तुलनेत क्षणभर ३ लाख व्होल्टपर्यंत चढेल. अर्थिंग कितीही उत्तम केले तरी हा आकडा निरुपद्रवी होत नाही. म्हणून दाब चढूच नये यासाठी धडपडण्यापेक्षा, तो चढला तर घरातील सर्व धातू आणि सर्व तारांवर एकाच वेळी चढावा, अशी व्यवस्था करायची असते. पूर आला तरी होडीतील सामान एकत्रच वर उचलले जाते, तसे. दोन अर्थिंग एकमेकांपासून अलग ठेवली, तर दाबातील तो सगळा फरक दोन्हींशी संबंध असलेल्या उपकरणावर, म्हणजे नेमका आपल्या कॉम्प्युटरवर येऊन पडतो. दुसरा खड्डा घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण तो जाड तांब्याच्या पट्टीने पहिल्याला जोडलाच पाहिजे.

मेन बोर्डाजवळ एक मुख्य अर्थपट्टी बसवून घ्यावी. वीजपुरवठ्याचे अर्थ, डिशच्या केबलचे बाहेरचे आवरण, धातूची पाण्याची नळी आणि गॅसची नळी या सर्वांची जोडणी तिथे व्हावी. शक्य असेल तर सर्व तारा घरात एकाच ठिकाणाहून आत आणाव्यात. फायबरची काच वीज वाहून नेत नाही हे खरे, परंतु काही फायबर केबलमध्ये मजबुतीसाठी पोलादी तार असते. ती आपल्या केबलमध्ये आहे का हे अवश्य तपासावे.

आता एसपीडीविषयी. एमसीबी पडला नाही याचे नवल वाटू नये. त्याला पडायला काही मिलिसेकंद लागतात, तर विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. शिवाय एमसीबीचे काम जादा प्रवाह तोडण्याचे आहे, जादा दाब रोखण्याचे नाही. पुरवठा उघड्या तारांवरून येत असल्यामुळे मेन बोर्डात टाइप १ (थेट विजेचा मोठा प्रवाह सोसणारे) आणि टाइप २ (तारांवरून येणारे झटके रोखणारे) एकत्र असलेले एसपीडी बसवावे, आणि टीव्ही व कॉम्प्युटरजवळ टाइप ३ (उपकरणाजवळ उरलेला दाब रोखणारे) ठेवावे. टाइप १ ची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या लाटेने होते आणि टाइप २ ची ८/२० च्या लाटेने (पहिला आकडा शिखर गाठण्याचा वेळ, दुसरा निम्म्यावर उतरण्याचा). पहिली लाट बराच वेळ टिकते, म्हणून तिच्यात ऊर्जा कितीतरी अधिक असते. खरेदी करताना केवळ किलोअँपिअरचा मोठा आकडा पाहू नये, तर संरक्षण पातळीही, म्हणजे एसपीडी उपकरणापर्यंत किती दाब जाऊ देते तेही, पाहावे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर साधी घरगुती उपकरणे २.५ किलोव्होल्टचा क्षणिक दाब सोसतील अशी बनवलेली असतात आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत ही मर्यादा १.५ किलोव्होल्ट धरतात, त्यामुळे १.५ किंवा त्याहून कमी पातळीचे एसपीडी घ्यावे.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे एसपीडीच्या जोडणीच्या तारांची लांबी. मीटरभर तारेचे प्रेरकत्व (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) साधारण १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअरने वाढत असेल, तर त्या मीटरभर तारेवरच १,००० व्होल्ट उभे राहतात आणि ते एसपीडीच्या पातळीत मिळवले जातात. म्हणून दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत असाव्यात आणि त्यांना वळसे नसावेत. उत्तम प्रतीचे एसपीडी बोर्डाच्या कोपऱ्यात लांब तारांनी जोडलेले मी अनेक घरांत पाहिले आहे, आणि दर वेळी वाईट वाटते, कारण तेवढ्यामुळे खर्च वाया जातो.

आणखी एक प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. फक्त दांड्याविषयी लिहितो.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५० च्या सुमारास मांडलेली दांड्याची कल्पना आजही तशीच टिकून आहे. दांडा आकाशातील वीज दुरून ओढून आणत नाही. घरावर पडणारच असलेल्या विजेला तो ठरावीक जागी झेलतो आणि भिंतींना, लाकडाला न शिवता जमिनीत नेतो. मोठ्या परिसराला संरक्षण देणाऱ्या खास दांड्याच्या दाव्यावर मात्र विसंबू नये. आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा दांड्याला साध्या दांड्यापेक्षा जास्त कक्षा दिलेली नाही. त्या मानकानुसार २० ते ६० मीटर त्रिज्येचा काल्पनिक गोल इमारतीवरून फिरवून कोणते भाग उघडे राहतात ते ठरवतात. जमिनीकडे नेणारे वाहक एकापेक्षा अधिक, तांब्याचे असल्यास किमान ५० चौरस मिलिमीटर छेदाचे आणि शक्य तितके सरळ असावेत.

दांडा इमारत वाचवतो, राउटर नाही. उलट, दांड्यावर वीज पडली की तो प्रचंड प्रवाह आपल्याच अर्थिंगमध्ये उतरतो, त्यामुळे दांडा बसवल्यावर टाइप १ एसपीडी ऐच्छिक राहत नाही. आधी जोडणी आणि एसपीडी, मग दांडा, असा क्रम मी सुचवेन.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. स्वतंत्र अर्थिंगचा बेत रद्द केला आहे. वरच्या खोलीत आता तांब्याच्या केबलऐवजी वायफाय वापरणार आहोत, म्हणजे ते वेटोळेच उरणार नाही. दोन शंका राहिल्या आहेत. आईवडिलांनी वादळात नेमके काय करावे? आणि एसपीडी निकामी झाले आहे हे कसे ओळखावे?

प्रतिसाद

एसपीडीवरील छोटी खिडकी हिरवी असेल तर ते शाबूत आहे आणि लाल झाली तर बदलायचे आहे. त्यातील व्हॅरिस्टर (जादा दाब रोखणारा भाग) प्रत्येक झटक्यागणिक थोडा झिजतो, त्यामुळे मोठ्या वादळानंतर खिडकीवर नजर टाकावी. लवकर बदलता येईल असे, काढता येणाऱ्या कप्प्याचे एसपीडी घ्यावे.

आईवडिलांसाठी प्लग कपाटामागून काढून हाताच्या उंचीवर आणून द्यावेत, आणि डिशची केबलही तिथेच सुटी करता येईल अशी सोय करावी. हे काम ढग दुरून दिसतानाच करायचे असते. गडगडाट ऐकू येऊ लागल्यावर प्लगला, केबलला किंवा तारेच्या फोनला हात लावू नये, आंघोळ आणि भांडी घासणे थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तसेच थांबावे. त्या वेळी एखादा प्लग लावलेला राहिला असेल तर तो राहू द्यावा, असे त्यांना स्पष्ट सांगून ठेवावे.