मदत हवी आहे: आई-बाबांना स्टेटन आयलंड दाखवायचंय, पण नुसती फेरीबोट नको

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आलेत, पुढच्या महिन्यात परत जातील. बाबा निवृत्त इतिहास शिक्षक. न्यूयॉर्कचे पाच बरो (शहराचे विभाग) आहेत हे त्यांनी आल्या आल्या वहीत लिहून घेतलं आणि एकेकापुढे खूण करत चाललेत. मॅनहॅटन झालं, ब्रुकलिन झालं, क्वीन्समध्ये फ्लशिंगचं गणपती मंदिर आणि तिथल्या कॅन्टीनचा डोसा झाला, ब्रॉन्क्समध्ये प्राणिसंग्रहालय झालं. उरला स्टेटन आयलंड.

ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणतो, "फेरीने जा, उतरा, पुढच्या फेरीने परत या." हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे साताऱ्याच्या स्टँडवर चहा पिऊन सातारा पाहिला म्हणायचं." त्यामुळे आता माघार नाही.

मला हवंय ते असं:
- जुन्या वास्तू, शक्यतो जिथे खरंच काही घडलंय अशा.
- आईचे गुडघे दुखतात. चार-पाच पायऱ्या चालतील, चढ नको. तिला बागा आवडतात.
- आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.
- गाडी आहे. एक शनिवार पूर्ण देता येईल, अगदीच गरज पडली तर रविवारची सकाळही.

कुणी तिकडे राहिलं असेल तर नीट सांगा. "गूगल करा" म्हणू नका, गूगलने मला आउटलेट मॉल दाखवला.

---

पडेल_ते_काम

खरं सांगू? तिथे फार काही नाही. पिझ्झा चांगला मिळतो. फेरीतून लिबर्टीचा पुतळा फुकट दिसतो. संपलं.

---

टॉटनव्हिलचा_माजी

वरच्या प्रतिसादाशी सपशेल असहमत. मी त्या बेटाच्या दक्षिण टोकाला बरीच वर्षं राहिलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही एडिसनला आहात. फेरीने बेटावर जाण्याचा विचारच सोडा. ते मॅनहॅटनवाल्यांचं दार. तुमचं दार आऊटरब्रिज क्रॉसिंग. २८७ हा महामार्ग पुढे ४४० होतो, तो थेट पुलावर नेतो. टोल फक्त न्यूयॉर्ककडे जाताना लागतो, परतताना नाही. पूल ओलांडून उजवीकडे वळलात की टॉटनव्हिल, आणि तिथे अगदी टोकाला पाण्याकाठी कॉन्फरन्स हाऊस. बाबांचा दिवस तिथूनच सुरू करा.

दगडी घर आहे, सतराव्या शतकाच्या शेवटी बिलोप घराण्याने बांधलेलं. ११ सप्टेंबर १७७६ ला इथे बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि एडवर्ड रटलेज हे तिघे ब्रिटिश ॲडमिरल लॉर्ड हाव यांना भेटले. स्वातंत्र्याची घोषणा होऊन दोन महिने झाले होते, ऑगस्टच्या शेवटी लाँग आयलंडच्या लढाईत वॉशिंग्टनच्या सैन्याने मार खाल्ला होता, आणि हे अख्खं बेट ब्रिटिश छावणी झालं होतं. हावने खोलीत शेवाळ आणि हिरव्या फांद्या पसरून बैठक सजवली, जेवायला घातलं, आणि तीनेक तास बोलणी चालली. पण घोषणा मागे घ्यायची यांची तयारी नाही आणि वसाहतींच्या काँग्रेसला मान्यता द्यायचा त्याला अधिकार नाही. बोलणी फिसकटली. चार दिवसांत ब्रिटिश मॅनहॅटनमध्ये उतरले.

आता तुमच्यासाठी खास. हे तिघे फिलाडेल्फियाहून आले ते तुमच्याच भागातून. वाटेत न्यू ब्रन्सविकला मुक्काम केला. खानावळ भरलेली, म्हणून फ्रँकलिन आणि ॲडम्स यांना एकाच पलंगावर झोपावं लागलं. खोलीला एकच छोटी खिडकी. ॲडम्सला रात्रीच्या गार हवेची धास्ती, त्याने ती लावली. सत्तर वर्षांचा फ्रँकलिन म्हणाला, उघड, नाहीतर गुदमरू. आणि सर्दी कशाने होते यावर त्याने व्याख्यानच सुरू केलं. ते ऐकता ऐकता ॲडम्सला झोप लागली. हे खुद्द ॲडम्सने लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी पर्थ अँबॉयहून हावच्या नावेने पलीकडे. बाबांना आधी न्यू ब्रन्सविकमधून गाडीने फिरवून आणा आणि मग पुलावर चढा, मजा येईल.

घर आतून पाहायचं तर सोबत माणूस देतात, त्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि हिवाळ्यात बंद असतं. निघण्याआधी फोन करा. बाहेरचं उद्यान मात्र रोज खुलं. उतरत्या हिरवळीपलीकडे रॅरिटन बे. न्यूयॉर्क राज्याचं सर्वांत दक्षिणेचं टोक याच उद्यानात आहे, तिथे गमतीने "दक्षिण ध्रुव" म्हणून खूणही लावलीय. आई बाकावर बसल्या तरी त्यांना सगळं दिसेल.

---

नीलमोहर

+१. कॉन्फरन्स हाऊस छानच, पण आईंचं काय? त्यांना स्नग हार्बरला न्या, ते बेटाच्या उत्तर काठावर आहे.

रॉबर्ट रिचर्ड रँडल नावाच्या श्रीमंत माणसाने १८०१ च्या मृत्युपत्रात थकलेल्या, निराधार खलाशांसाठी आश्रम काढायला आपली मालमत्ता दिली. आश्रम १८३३ मध्ये सुरू झाला. समोर ग्रीक देवळांसारख्या खांबांच्या इमारती ओळीने उभ्या आहेत, एकूण ८३ एकर जागा. १९७० च्या दशकात उरलेले खलाशी नॉर्थ कॅरोलिनाला हलवले आणि जागा शहराकडे आली. आता तिथे संग्रहालयं आणि बागा आहेत. आवारात फिरायला तिकीट नाही.

त्यातली चिनी विद्वानांची बाग आईंना नक्की दाखवा. १९९९ मध्ये उघडली, चीनमधल्या सुझौहून कारागीर आणि सामान दोन्ही आणून उभारली. तळं, बांबू, वाकडेतिकडे पूल, खिडकीच्या चौकटीतून दिसणारा दगड. तिचं तिकीट आहे, फार नाही. गारगोट्यांच्या नक्षीच्या वाटा थोड्या खडबडीत आहेत, तेवढा आईंचा हात धरा.

आणि एक माझ्या आवडीची जागा. व्हेराझानो पुलाजवळ, अगदी पाण्याला लागून ॲलिस ऑस्टिनचं घर आहे. १८६६ चा जन्म. लहानपणी मावशीच्या नवऱ्याने घरी आणलेला कॅमेरा हातात पडला, आणि पुढे आयुष्यभर ही बाई जड पेट्या आणि काचेच्या प्लेटा घेऊन फोटो काढत फिरली: मैत्रिणी, टेनिस, मॅनहॅटनचे फेरीवाले, क्वारंटाइन स्टेशनवरचे लोक. १९२९ च्या मंदीत पैसा गेला, १९४५ मध्ये घर गेलं, शेवटी बेटावरच्या सरकारी निराधार आश्रमात भरती व्हावं लागलं. घर सोडताना इतिहास मंडळाच्या लोकांनी प्लेटा उचलून नेल्या म्हणून वाचल्या. १९५१ मध्ये ते फोटो मासिकांत छापून आले आणि त्याच पैशांतून तिची बऱ्या जागी सोय झाली. पुढच्याच वर्षी ती गेली. जिच्यासोबत ती जवळजवळ तीस वर्षं या घरात राहिली त्या गर्ट्रूड टेटचीही गोष्ट आता तिथे मोकळेपणाने सांगतात, पूर्वी सांगत नसत.

घर छोटं आहे, तासाभरात होतं.

---

टॉटनव्हिलचा_माजी

नीलमोहर यांनी चांगली आठवण दिली. हायलन बुलेव्हार्ड हा रस्ता ॲलिस ऑस्टिनच्या घरापाशी सुरू होतो आणि कॉन्फरन्स हाऊसपाशी संपतो. नकाशा न बघता जाता येईल. पण शनिवारी दुपारी तो रस्ता म्हणजे सिग्नलच सिग्नल. शहाण्याने एक्सप्रेसवे धरावा.

---

कृष्णाकाठची

अरे वा! खिडकीचा किस्सा बाबांना आत्ताच वाचून दाखवला. "ॲडम्सचं बरोबर होतं" असा आईचा निकाल आहे.

आणखी शंका. बाबा किल्ल्याचं विचारतायत, फोर्ट वॉड्सवर्थ म्हणून काहीतरी आहे ना? रिचमंड टाऊन नावाचं जुनं गावही दिसतंय, ते करावं का? आणि तिबेटी संग्रहालय? हे सगळं एका दिवसात बसेल का? जेवायचं काय?

---

बे_रिजवाला

फोर्ट वॉड्सवर्थ मी रोज खाडीपलीकडून बघतो. बाबांना आधीच सांगून ठेवा की हा अजिंक्यतारा नाही. डोंगर नाही, तट चढणं नाही. खाडीचं तोंड जिथे अरुंद होतं तिथे दोन्ही काठांवर तोफा ठेवायच्या आणि मधून जाणारं जहाज फोडायचं, एवढाच हिशेब. पलीकडे ब्रुकलिनच्या बाजूला फोर्ट हॅमिल्टन आहे. पाण्याकाठची बॅटरी वीड ही तोफांच्या कमानींची तीन-चार मजली दगडी इमारत वरच्या सज्जातून झकास दिसते, आणि डोक्यावर व्हेराझानो पूल. गाडी सज्जाच्या बरीच जवळ जाते, तिकीट नाही. हा भाग आता राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. आत जायचं असेल तर त्या खात्याच्या रेंजरसोबत फिरण्याची वेळ गाठावी लागते.

पूल १९६४ चा. मधला गाळा १२९८ मीटरचा, १९८१ पर्यंत जगातला सर्वांत लांब झुलता पूल. दोन मनोरे इतके उंच आणि एकमेकांपासून इतके लांब आहेत की पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांचे माथे पायथ्यांपेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर जास्त अंतरावर आहेत. बाबा शिक्षक आहेत, हे त्यांना आवडेल. पुलावरून पायी जाता येत नाही. न्यूयॉर्क मॅरेथॉन मात्र इथूनच सुटते.

---

नीलमोहर

किल्ल्याजवळच रोझबँकमध्ये गॅरिबाल्डी-मेउची संग्रहालय आहे, ते कुणी सांगितलंच नाही! सावरकरांमुळे मॅझिनी-गॅरिबाल्डी ही नावं आपल्या मागच्या पिढीला पाठ असतात. इटलीतून परागंदा झालेला गॅरिबाल्डी १८५० मध्ये इथे अंतोनिओ मेउचीच्या घरी येऊन राहिला आणि त्याच्या कारखान्यात मेणबत्त्या करू लागला. हा मेउची म्हणजे टेलिफोनवाला. त्याने १८७१ मध्ये पेटंट कार्यालयात नोंद केली होती, पुढे नूतनीकरणाचे पैसे भरता आले नाहीत, आणि १८७६ मध्ये पेटंट बेलला मिळालं. २००२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधी सभेने त्याच्या कामाचा गौरव करणारा ठराव केला. घर साधंच आहे, पण बाबांना तिथून हलवणं अवघड जाईल.

---

पडेल_ते_काम

बरं बाबा, हरलो. पण रिचमंड टाऊन कंटाळवाणं आहे यावर मी ठाम आहे. रिकामी घरं आणि टोप्या घातलेले स्वयंसेवक.

---

टॉटनव्हिलचा_माजी

रिचमंड टाऊनला वर्दळ नसलेल्या दिवशी गेलात तर तसं वाटतं खरं. पण १६९५ च्या सुमाराचं डच शिक्षकाचं घर तिथे आहे, त्यात शाळा भरायची, आणि निवृत्त शिक्षकाला ते दाखवायचं नाही म्हणजे काय! सप्टेंबरातल्या कामगारदिनाआधीच्या शनिवार-रविवारी जत्रा असते, तेव्हा मात्र गाडी लावायला जागा नाही. गावातले रस्ते खुले आहेत, तिकीट घरांच्या आत जायला. जमीन सपाट, आईंना त्रास नाही.

तिबेटी संग्रहालय त्याच भागात लाइटहाऊस हिलवर आहे. जॅक मार्शे या नावाने वावरणाऱ्या एका अमेरिकन बाईने १९४७ मध्ये उघडलं. ती स्वतः तिबेटला कधीच गेली नाही, पण हिमालयातल्या मठासारख्या दगडी इमारती बांधून घेतल्या. १९९१ मध्ये दलाई लामाही येऊन गेले. सुंदर जागा, पण टेकडीचा चढ आणि उतरत्या बागेच्या पायऱ्या. आईंसाठी नको. बाबांना एकट्याला पाठवून आईंना गाडीत बसवू नका, ते त्याहून वाईट.

माझा क्रम: सकाळी कॉन्फरन्स हाऊस, मग रिचमंड टाऊन, जेवण, दुपारी फोर्ट वॉड्सवर्थ आणि ॲलिस ऑस्टिन. स्नग हार्बर आणि गॅरिबाल्डी रविवारी सकाळी. एका दिवसात कोंबू नका.

४४० वरून वेस्ट शोअर एक्सप्रेसवेने गेलात तर दोन्ही बाजूंना हिरव्यागार टेकड्या दिसतील. त्या कचऱ्याच्या आहेत. फ्रेश किल्स, १९४८ ते २००१ शहराचा कचरा इथे यायचा, सुमारे २२०० एकर. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे पडल्यावर ढिगारा चाळायलाही हीच जागा वापरली. आता हळूहळू उद्यान होतंय, पहिला मोठा भाग २०२३ मध्ये उघडला.

---

नीलमोहर

जेवणाचं: टॉम्पकिन्सव्हिल आणि स्टेपलटनच्या बाजूला श्रीलंकन लोकांची मोठी वस्ती आहे, बे स्ट्रीट आणि व्हिक्टरी बुलेव्हार्डवर त्यांच्या खानावळी. फणसाची भाजी, नारळाच्या दुधातली डाळ, इडियाप्पम. आईंना पोटभर होईल. एकच सांभाळा, नारळाच्या चटणीत सुक्या माशाची पूड घालतात. आधीच विचारा, ते लोक खरं सांगतात. पिझ्झा हवा असेल तर पोर्ट रिचमंडला डेनिनोज, आणि समोरच्या राल्फ्सचा बर्फाचा गोळा.

---

होबोकेनचा_पेइंगगेस्ट

धागा पळवत नाही, पण माझ्याकडे गाडी नाही. यातलं काय जमेल?

---

बे_रिजवाला

पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून चालत व्हाइटहॉलचं फेरी टर्मिनल. फेरी फुकट, १९९७ पासून तिकीटच नाही, २५ मिनिटं लागतात, दिवसरात्र चालू. जाताना उजव्या हाताला उभे राहा, पुतळा त्या बाजूला. बेटावर सेंट जॉर्जला सगळ्यांना उतरावंच लागतं. तिथून स्नग हार्बरला एस४० बस, ॲलिस ऑस्टिनसाठी एस५१, रिचमंड टाऊनसाठी एस७४. कॉन्फरन्स हाऊससाठी बेटाची रेल्वे, शेवटचं स्टेशन टॉटनव्हिल. तिकीट फक्त सेंट जॉर्ज आणि टॉम्पकिन्सव्हिल या दोन स्टेशनांवर बघतात.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारचा क्रम टॉटनव्हिलच्या दादांचा, रविवारी सकाळी स्नग हार्बर आणि गॅरिबाल्डी. तिबेट सोडलं. पण आता बाबा म्हणतायत, फेरीही हवीच, ज्या बेटाची फेरी एवढी प्रसिद्ध ती सोडून कसं चालेल. रविवारी स्नग हार्बरहून निघाल्यावर गाडी फेरीत चढवता येते का?

---

टॉटनव्हिलचा_माजी

नाही, २००१ नंतर गाड्या घेत नाहीत. गाडी सेंट जॉर्जला टर्मिनलजवळच्या पैसे देऊन लावायच्या जागेत ठेवा, चालत बोटीत जा आणि त्याच रस्त्याने परत या. मॅनहॅटनच्या गर्दीच्या भागात गाडी नेण्याचे वेगळे पैसे लागतात, तेही वाचतील. दोन्ही टर्मिनलवर लिफ्ट आणि स्वच्छतागृहं आहेत. मॅनहॅटनला उतरून लगेच परत रांगेत लागावं लागेल, म्हणून आईंना तिथे बसायला बाक शोधून द्या. परतीला पुतळा उजव्या हाताला येतो. संध्याकाळी ऊन त्याच बाजूने येतं, टोपी असू द्या.

---

कृष्णाकाठची

आई विचारतेय, बोटीत घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या तर चालतात का?

---

बे_रिजवाला

खुशाल. चटणीही न्या.