मदत हवी आहे: ब्रह्मदेशचे दरबारी कवी ऊ सा

मंडळी, ब्रह्मी वाचता येणारं किंवा यंगूनला राहिलेलं कुणी आहे का इथे?

म्यावडी मिंजी ऊ सा (१७६६-१८५३) यांच्यावर लेख लिहितेय. ब्रह्मदेश म्हटलं की आपण थेट रत्नागिरीच्या थिबा राजावर पोचतो, पण हे गृहस्थ त्याच्या कितीतरी आधीचे. कवी, संगीतकार आणि वर सेनानीही! १८२४ साली इंग्रजांशी पहिलं युद्ध पेटलं तेव्हा ते आराकानच्या, म्हणजे ब्रह्मदेशच्या पश्चिम किनारपट्टीच्या, आघाडीवर होते. १८२६च्या यांदाबो तहात तोच आराकान हातचा गेला.

१७६७ला ब्रह्मी फौजेनं सयामची (आजच्या थायलंडची) राजधानी अयुथ्या लुटली, तिथले कलावंत पकडून आणले. त्यांच्याकडून आलेली रामकथा आणि जावाच्या राजपुत्राची 'ईनाउंग' ही कथा ऊ सांनी ब्रह्मी रंगभूमीवर आणली. 'साउंग' या कमानदार वीणेच्या तारा तेरापर्यंत वाढवल्या, असंही श्रेय त्यांना देतात. १८३७च्या सत्तापालटानंतर ते कैदेत पडले आणि गाण्यामुळे सुटले म्हणे. हा किस्सा मला फार आवडतो, पण नुसत्या 'म्हणे'वर छापणार नाही.

तर, या कैदेबद्दल भरवशाचं काही वाचलंय का कुणी? इंग्रजी चालेल, मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं. आणि त्यांची गाणी साउंगवर वाजवलेली कुठे ऐकायला मिळतील? यूट्यूबवर शीर्षकं ब्रह्मी लिपीत, माझ्यासाठी नुसती गोल गोल वेटोळी. कुणी दोन-चार लिंका निवडून दिल्या तरी खूप झालं.