गूगल फोटोज हार्ड डिस्कवर उतरवताना तारखा बदलल्या, जेसन फाइल्स उडवू का?

प्रश्न:
घरातले साधारण १८० जीबी फोटो गूगल फोटोजवर आहेत. त्यात बाबांच्या जुन्या अल्बममधले कृष्णधवल फोटो मी स्कॅन करून चढवले होते आणि आईला विचारून एकेकाची तारीख ॲपमध्ये दुरुस्त केली होती. आई आता थकलीय, हे सगळं तिला पुन्हा विचारणं होणार नाही. २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क घेतली आणि टेकआउटमधून (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) पहिली झिप उतरवली. त्यात आईच्या लग्नाच्या, १९६८ च्या फोटोला स्कॅन केल्याची तारीख दिसते! प्रत्येक फोटोशेजारी एक जेसन (.json, साध्या मजकुराची) फाइलही आहे. त्या फाइल्स नुसती अडगळ आहेत का? तारखा गेल्या का?

उत्तर १:
जेसन फाइल्सना अजिबात हात लावू नका. आईने सांगितलेल्या तारखा त्यांच्यातच आहेत. ॲपमध्ये आपण तारीख बदलतो तेव्हा मूळ फोटोच्या फाइलला गूगल धक्का लावत नाही, बदल आपल्याकडे वेगळा नोंदवून ठेवतं. टेकआउट ती नोंद जेसनमध्ये देतं. लग्नाच्या फोटोची जेसन नोटपॅडमध्ये उघडा आणि 'फोटो टेकन टाइम' शोधा. तिथे वाचता येईल अशी तारीख असते आणि सोबत एक आकडा. तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, त्यामुळे तुमच्या १९६८ च्या फोटोला तो उणे असेल. नेमक्या अशा ठिकाणी काही प्रोग्राम अडखळतात.

एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम जेसनमधली तारीख फोटोत लिहू शकतो. पण आधी दहा-बारा फोटोंची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, त्यात १९७० च्या आधीचे मुद्दाम घ्या आणि त्यांच्यावर करून पाहा. जमलं तरच पुढे जा. मोबाइलवर काढलेल्या फोटोंची काळजी सहसा नसते, त्यांची तारीख फाइलच्या आतच असते.

आणखी एक. सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडा. फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्या झिपमध्ये, असं सर्रास होतं. वेगवेगळ्या उघडल्या तर जोड्या फुटतात आणि मग जेसन हरवली असं वाटतं. अल्बममधले फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही पुन्हा येतात, म्हणून डिस्कवर जागा जास्त लागली तर घाबरू नका.

उत्तर २:
डिस्कचं फॉरमॅट बघून घ्या. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसणारच नाही, आणि टेकआउट ५० जीबीपर्यंतच्या झिप देतं. विंडोज आणि मॅक दोन्हीवर वापरायची असेल तर एक्सफॅट बरं. फक्त डिस्क नीट इजेक्ट करूनच काढा.

आयक्लाउडवाल्यांसाठी: मॅकच्या फोटोज ॲपमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर मॅकवर बरेचदा लहान आकाराच्याच प्रती असतात. ती लायब्ररी डिस्कवर कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. आधी 'डाउनलोड ओरिजिनल्स' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

प्रश्नकर्ता:
लग्नाच्या फोटोची जेसन उघडली. १९६८ आहे, आईने सांगितलेला दिवससुद्धा आहे! फार मोठं ओझं उतरलं. आता सगळं उतरवून झालं की गूगलवरचं काढून जागा मोकळी करावी म्हणतो.

उत्तर १:
वाचून खरंच आनंद झाला. पण काढू नका, निदान इतक्यात नाही. आज गूगलवर एक प्रत आहे. ती काढली की डिस्कवरची एकुलती एक उरेल, आणि डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवायला द्या. ट्रॅशमध्ये गेलेला बॅकअपचा फोटो ६० दिवसांनी कायमचा जातो, एवढ्या मुदतीवर आईच्या लग्नाचे फोटो सोडू नयेत.

टेकआउटच्या लिंका साधारण आठवडाभरच चालतात, तेव्हा उरलेल्या झिप आधी उतरवून घ्या, तारखांचं काम नंतर निवांत करा. प्रत्येक झिप पूर्ण उघडते का तेही तपासा, अर्धवट उतरलेली झिप उघडताना चूक दाखवते. आणि एक्झिफटूल चालवल्यावरही मूळ झिप जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये राहू द्या. २ टीबीत त्यांना भरपूर जागा आहे.