ब्लॅक अँड व्हाईट केलं की फोटो सपाट का होतो?

भटक्या_७: परवा राजमाचीला गेलेलो, तिथल्या श्रीवर्धन किल्ल्याचा बुरूज, खाली हिरवंगार गवत, वर फाटलेल्या ढगांतून निळं आभाळ, रंगीत फोटो झकास आलाय पण लाईटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, -१०० केलं की गवत आणि कातळ एकाच राखाडी रंगाचे, नुसती राख फासल्यासारखे. कॉन्ट्रास्ट वाढवला तर ढगातलं डिटेल गेलं. काय चुकतंय?

काळापांढरा: अरे सॅच्युरेशन कशाला मारतोस, रंग हेच तर हत्यार आहे! बी अँड डब्ल्यू मिक्समध्ये जा, तिथे कुठला रंग राखाडीत किती उजळ किंवा गडद दिसेल ते प्रत्येक रंगाच्या स्लायडरने ठरवता येतं. पिवळा +३५ कर, हिरवा थोडासाच, कारण आपल्याला गवत हिरवं दिसतं पण स्लायडरच्या हिशेबात ते बरंचसं पिवळ्यात मोडतं. कातळाला रंगच नाही फारसा, तो जागचा हलत नाही, म्हणून गवत उजळलं की बुरूज आपोआप उठून येतो. मग निळा -४०, आभाळ गडद.

जुना_रोलवाला: आम्ही रोलवर आभाळ गडद करायला लेन्सवर लाल फिल्टर लावायचो. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याच्या फोटोत आभाळ असंच जवळपास काळं केलं. फक्त निळा फार खाली ओढू नकोस, आभाळात दाणे आणि पट्टे येतात, जेपेगमध्ये तर हमखास, तिथे प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा) उजेडाच्या २५६च पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाईल) १६,३८४.

भटक्या_७: पिवळ्याने कमाल केली राव! पण फोटो जेपेगच आहे, -४० ला पट्टे दिसतायत, -१८ वर थांबलो. कार्ड भरलं होतं म्हणून रॉ बंद केलेलं 🤦