मदत हवी आहे: कॅमेऱ्याने दाखवलेल्या जागी खणलं, ड्रेनेजचा पाइप तिथे चांगला निघाला

सेक्रेटरी_कोथरूड
सोसायटीची ड्रेनेज लाइन सारखी तुंबते म्हणून एका एजन्सीकडून कॅमेरा टाकून घेतला. व्हिडिओ आणि पीडीएफ रिपोर्ट मिळाला. रिपोर्टमध्ये १८.६ मीटरवर जोड सरकल्याचं लिहिलंय. टेप लावून नेमकं तिथेच पेव्हर काढून खणलं, तर पाइप ठणठणीत. पार्किंगमध्ये खड्डा उघडा आहे, सभासद येताजाता बोलतात, एजन्सीवाला फोन उचलत नाही. कॅमेरा चुकला की सॉफ्टवेअर? आता कुठे खणायचं, लवकर सांगा.

पाइपमित्र
पाइप कशाचा, किती इंची? कॅमेरा चाकांवर चालणारा की हाताने ढकलायचा? चेंबर किती खोल? अंतराचा मीटर शून्य कुठे केला होता? याशिवाय काय सांगणार?

जेटिंग_नाशिक
कॅमेऱ्यात पैसे कशाला घातले? जेटिंगची, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणारी गाडी बोलवा, तासाभरात लाइन मोकळी.

सेक्रेटरी_कोथरूड
जेटिंग करून झालंय, महिनाभरात परत तेच. जुना चिनीमातीचा तपकिरी पाइप, ६ इंची. रिळावर गुंडाळलेला रॉड, पुढे कॅमेरा, हाताने ढकलत होते. रिपोर्टमधल्या ओळी अशा:
१६.० एमडब्ल्यूएलएस ४०
१८.६ जेओएम
१८.६ आरएमजे १०–२
२१.३ एमएसए
१०–२ ही वेळ आहे का? काम तर संध्याकाळी झालं.

लीड्सकर
मी इंग्लंडमध्ये हेच काम करतो. आमचे कोड वेगळे, पण तुमचे अमेरिकेतल्या नॅसको या संस्थेच्या पीएसीपी पद्धतीचे, म्हणजे पाइपातले दोष नोंदवायच्या कोडचे आहेत. १०–२ ही वेळ नाही, पाइपच्या तोंडावर घड्याळ धरलं तर दोष कुठे आहे ते. म्हणजे मुळं वरच्या बाजूने शिरलीत. आरएमजे म्हणजे जोडातून आलेली मध्यम मुळं, जेओएम म्हणजे जोड मध्यम सरकलेला. एमडब्ल्यूएलएस म्हणजे पाइप तिथे खाली खचलाय आणि पाणी साचतंय, ४० टक्क्यांपर्यंत.
पण एमएसए बघा. सर्व्हे अर्धवट सोडला, असा त्याचा अर्थ. २१.३ च्या पुढे लाइन कुणी पाहिलेलीच नाही. ‘पुढे काही दोष नाही’ असं एजन्सीने सांगितलं असेल तर ते धरू नका.

मोरचूद_विश्वास
मुळं आहेत ना? मग मोरचूद टाका. रात्री टाकायचं, सकाळपर्यंत पाणी सोडायचं नाही. आमच्या वाड्यात वडिलांच्या काळापासून हेच.

पाइपमित्र
@मोरचूद_विश्वास, मोरचुदातलं तांबं पुढे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गेलं तर तिथले पाणी साफ करणारे जिवाणू मरतात. शिवाय सरकलेला जोड मोरचुदाने जागेवर येणार आहे का? मुळं जळतील, फट तशीच राहील, त्यातून नवी येतील. जेटिंगचंही तेच, म्हणून महिन्याभराने परत तुंबते.
@सेक्रेटरी, चेंबरची खोली अजून सांगितली नाहीत.

अण्णा_सातारा
एवढं कशाला? एखादा माणूस चेंबरमध्ये उतरवा, टॉर्च मारून बघेल.

स्वाती_के
अण्णा, हे कुणीही करू नका. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवून साफसफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. आणि ‘वास आला की वर येईल’ हेही खरं नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. कॅमेरा याचसाठी आहे की कुणाला उतरावं लागू नये.

अण्णा_सातारा
पूर्वी उतरायचेच की सगळे.

स्वाती_के
आणि मरायचेही.

नवा_सभासद२
वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळतंय, त्याचा खर्च सोसायटीने करायचा की त्यांनी?

पाइपमित्र
@नवा_सभासद२, वेगळा धागा काढा.

सेक्रेटरी_कोथरूड
चेंबर साधारण पावणेदोन मीटर खोल. ऑपरेटरचा फोन लागला एकदाचा. मीटर रिळापाशीच शून्य केला होता म्हणतो. रीळ चेंबरपासून दीडेक मीटरवर होतं. याने फरक पडतो का?

पाइपमित्र
सगळा फरक त्यानेच पडला. शून्य पाइपच्या तोंडाशी करायचा असतो, कॅमेऱ्याचं डोकं तोंडात बसवून. तुमच्या आकड्यात जमिनीवरचा दीड मीटर आणि चेंबरची खोली दोन्ही मोजली गेलीत. म्हणजे सव्वातीन मीटर वजा, सुमारे १५.३. शिवाय सहा इंची पाइपात बारीक रॉड नागमोडी जातो, त्यात आणखी थोडं. पण या हिशोबावर परत कुदळ मारू नका. कॅमेऱ्याच्या डोक्यामागे सॉन्ड, म्हणजे सिग्नल सोडणारा छोटा ट्रान्समीटर असतो, बहुधा ५१२ हर्ट्झचा. कॅमेरा जोडापाशी थांबवून वरून लोकेटर, म्हणजे तो सिग्नल पकडणारं यंत्र फिरवायचं.

लीड्सकर
एक सांगतो, लोकेटरला खरा सिग्नल एकच असतो, पण पुढेमागे दोन खोटेही मिळतात. खऱ्याच्या दोन्ही बाजूंना सिग्नल एकदम खाली येतो आणि पलीकडे पुन्हा थोडा वाढतो. घाईत लोक तिथेच खडूची फुली मारतात. ऑपरेटरला पाइपच्या रेषेवर दोन्हीकडे चालून बघायला सांगा, सगळ्यात जोरदार आकडा तोच खरा. आणि वरच्या गाड्या काढून ठेवा, लोखंडाने सिग्नल वाकतो.

जेटिंग_नाशिक
शेवटी मुळं काढायला जेटिंगच लागणार.

पाइपमित्र
कॅमेऱ्याआधी लागतं, हे मान्य. गढूळ पाण्यात लेन्स बुडाली की काही दिसत नाही. दुरुस्तीला मात्र जोड उघडावाच लागेल.

सेक्रेटरी_कोथरूड
आज ऑपरेटर परत आला. लोकेटर लावून फुली मारली, टेपने १५ मीटरच्या किंचित आत. खणलं. कॉलर (जोडावरचं पाइपाचं रुंद तोंड) फुटून वर उचलली गेलीय, सिमेंटचा सांधा पूर्ण गेलाय आणि उंबराची मुळं आत केसांच्या गुंत्यासारखी भरलीत. त्या उचललेल्या जोडामागेच पाणी तुंबत होतं. सगळ्यांचे आभार.
आता राहिलेला भाग पलीकडच्या चेंबरमधून बघायचाय, पण त्याचं झाकण डांबराखाली गेलंय. सोसायटीत कुणालाच जागा आठवत नाही. ते कसं शोधू?

पाइपमित्र
जोड उघडाच आहे तर तिथूनच कॅमेरा पुढे घाला, तोंडाशी शून्य करून. चेंबरमध्ये पोचला की गोल भिंत संपून मोकळी जागा दिसेल. तिथे थांबवा आणि वरून परत लोकेटर. झाकण बिडाचं असेल तर मेटल डिटेक्टरलाही लागेल. पाइप बसवण्याआधीच हे करून घ्या.