डोंगरांच्या परिषदेत आमच्या झरीला जागा आहे का?

कुळागरी
परवा इथे फोरमवर एकाने लिहिले, "एव्हरेस्टचा बर्फ वितळला तर नेपाळवाल्यांनी बघावे. गोव्याला समुद्र आहे, डोंगर म्हणजे चार टेकड्या. पर्वतांच्या परिषदा म्हणजे विमानप्रवास आणि जेवणावळी." वाचून डोके तापले, म्हणून सविस्तर लिहितोय.

पणजीच्या नळाला पाणी येते ओपाच्या पाणी प्रकल्पातून. ओपाला ते खांडेपार नदी देते आणि नदीला सह्याद्री. या झाल्या तुमच्या टेकड्या.

आता परिषदेचे. २०२५ च्या मे महिन्यात, १६ ते १८ तारखेला, काठमांडूत सागरमाथा संवाद झाला. सागरमाथा म्हणजे एव्हरेस्ट. विषय होता हवामान बदल, पर्वत आणि मानवजातीचे भविष्य. आपले पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादवही गेले होते. शेवटी २५ कलमांचे आवाहन निघाले. बातम्यांत मात्र सगळा बर्फच. बर्फाचे आकडे भयंकर आहेत, नाही कोण म्हणतो? काठमांडूच्याच इसिमोड या पर्वतांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये सांगितले की हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने आटल्या. पण हिमालयाच्या मधल्या उंचीवरच्या गावातली बाई घागर भरते ती झऱ्यावर. हिमनदी तिच्यापासून लांब असते. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात भारतीय हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटत चालल्याचे लिहिले आहे. ते वाचले आणि आमची झर डोळ्यांसमोर आली.

आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वरच्या अंगाला जांभ्याच्या कपारीतून झर येते. खाली आजोबांनी बसवलेली दगडी पन्हळ आहे. पन्हळीखाली कळशी लावली की हातपाय धुवेपर्यंत भरायची, अगदी मे महिन्यातसुद्धा. आता एप्रिलात कळशी लावून घरी यायचे, चहा घ्यायचा, परत जायचे, तरी पाणी गळ्यापर्यंत आलेले नसते. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, बंगल्यांचे काम चालू आहे. जांभा पाऊस पोटात घेतो, तो खालच्या चिकणमातीवर अडतो आणि कडेने झर होऊन बाहेर येतो. सडा कापून वर काँक्रीट ओतले तर पाणी आत शिरणार कुठून?

सिक्कीममध्ये २००८ पासून 'धारा विकास' नावाने डोंगरावर चर खणून आटलेल्या झऱ्यांना पाणी आणले. ही गोष्ट आम्हाला कोणी सांगायची? परिषद हवी ती यासाठी. डोंगरातल्या माणसाला डोंगरातल्या माणसाशी बोलता यावे म्हणून.

रानमोडी
ते मीच लिहिले होते आणि एक शब्द मागे घेणार नाही.

मी चौदा वर्षे हॉटेलात बँक्वेटला होतो. पर्यावरणावरच्या बैठकांना मी स्वतःच्या हाताने वाढले आहे. एका बैठकीला स्टेजवर 'पाणी वाचवा' असा फलक होता. संध्याकाळी खुर्च्यांखालून आम्ही अर्ध्या प्यालेल्या बाटल्या गोळा केल्या, अकरा पोती भरली. त्या रात्रीपासून माझा या प्रकारावरचा विश्वास उडाला.

१९९२ ला रिओच्या पृथ्वी परिषदेत 'अजेंडा २१' मध्ये पर्वतांवर अख्खे तेरावे प्रकरण लिहिले. २००२ पर्वतांचे वर्ष, ११ डिसेंबर पर्वत दिन, २०२५ हिमनद्यांचे वर्ष. २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत गरीब देशांनी वर्षाला १३०० अब्ज डॉलर मागितले, तर श्रीमंतांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज करू म्हणून बोळवण केली. नेपाळात लांगटांगमधल्या 'याला' नावाच्या हिमनदीला २०२५ च्या मे महिन्यात भिक्षूंनी मंत्र म्हणून निरोप दिला. त्या लोकांचे दुःख खरे आहे. पण मंत्रांनी बर्फ परत येत नाही आणि ठरावांनीही येत नाही.

तुमची झर कोणी आटवली? बंगलेवाल्याने. त्याला परवानगी देणारे ऑफिस काठमांडूत नाही.

कुळागरी
शेवटचे वाक्य बरोबर आहे, मान्य. पण सगळे पाप बंगलेवाल्याचे नाही. पाऊस पूर्वी दिवसदिवस रिपरिपायचा, आता चार दिवसांत कोसळून मोकळा होतो. पाणी मुरायला उसंतच मिळत नाही. त्याचे उत्तर आमच्या पंचायतीकडे नाही, ते त्या मोठ्या टेबलावरच मागावे लागेल. श्रीमंतांनी कमी दिले म्हणून आपण मागणेच सोडायचे?

दोनापावल
दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलताय. केरळात वायनाडला ३० जुलै २०२४ च्या पहाटे डोंगर खाली आला, शेकडो माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला, केंद्राने पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा काढला. सहावा! गोव्यातले १४६१ चौरस किलोमीटर त्यात आहेत आणि आपले सरकार गावे वगळा म्हणून मागे लागले आहे. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीने २०११ लाच सगळे लिहून ठेवले होते. घाटाखालच्या सत्तरी तालुक्यातल्या लोकांना पुढाऱ्यांनी भडकवले नसते तर हे केव्हाच मार्गी लागले असते.

वाळपईकार
भडकवले? बाई, आम्हाला स्वतःचे डोके नाही?

१९९९ ला राष्ट्रपती राजवटीत म्हादई अभयारण्य जाहीर झाले. आमची घरे, काजू, देवळे सगळे आत. हक्कांचे दावे अजून मिटलेले नाहीत. आल्वाराच्या, म्हणजे पोर्तुगीज काळात कसायला दिलेल्या, जमिनीवर आमची तिसरी पिढी कसते, पण कागदावर आमचे नाव नाही. माझ्या वडिलांनी त्या कागदासाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, त्यातच ते गेले. फाइल कपाटात पडून आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अभयारण्य पेटले तेव्हा पहिला संशय कोणावर? काजूवाल्यांवर. झाडाच्या फांद्या घेऊन रात्रभर आग बडवायला कोण होते? आमच्या वाड्यावरची पोरे. माझ्या धाकट्याच्या पोटरीवर अजून भाजल्याचा डाग आहे.

चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला कवंडाळ आणि कांगणां ही रानफळे तुम्ही म्हापशाच्या बाजारातून आणता. आम्ही ती रानातून काढतो. रान गेले तर आमची माटोळी रिकामी राहील, हे आम्हाला दोनापावलाहून कोणी शिकवायला नको.

आणि गाडगीळांचे नाव घेता तर पुरते घ्या. ग्रामसभांना विचारून ठरवा, असे तेच म्हणत होते. आमच्या गावात विचारायला कोण आले?

दोनापावल
मग सड्यावरच्या जमिनी दिल्लीवाल्यांना कोण विकतेय? दोनापावलचे लोक? सह्या गावातल्याच माणसांच्या आहेत.

वाळपईकार
ज्याच्या नावावर जमीनच नाही तो विकणार काय? विकतात ते भाटकार, म्हणजे जमीनदार. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर सत्तरीबद्दल लिहूच नका. एक पावसाळा इथे काढा, मग बोला.

दोनापावल
माझे आजोळ ठाण्याचे, सत्तरीतले. पावसाळे काढलेत मी. कोणी काय लिहावे हे तुम्ही ठरवू नका.

खाणपट्टा
मी डिचोलीकडचा. तुम्ही डोंगर वाचवण्यावरून भांडताय, आमच्याकडे डोंगराच्या जागी खड्डा आहे. खाणीत पंप लावून पाणी उपसत होते तेव्हा आमची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायची. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लीजांचे नूतनीकरण रद्द केले, ट्रक थांबले. भावाचा ट्रक दारात गंजला, हप्ते मानेवर. विहिरीला पाणी परत चढले. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या. मी कोणाच्या बाजूने बोलू?

दोनापावल
'भडकवले' हा शब्द चुकला. मागे घेते. आल्वाराचा प्रश्न आधी सुटायला हवा होता, हेही खरे. पण अधिसूचना हवीच, त्यावर मी ठाम आहे. पुढचा वायनाड आपल्याकडे झाल्यावर कागद शोधत बसणार का?

वाळपईकार
शब्द मागे घेतलात, बरे केलेत. आधी कागद, मग अधिसूचना. क्रम उलटा चालणार नाही.

रानमोडी
मूळ धाग्यावर येतो. ते सिक्कीमचे चर काल रात्री शोधून वाचले. काम साधे दिसते. झऱ्याला पाणी कुठल्या उतारावरून येते ते आधी शोधायचे, मग तिथे चर आणि खड्डे खणायचे. परिषदांबद्दल माझे मत तेच आहे. पण हे जर कुठल्या परिषदेत कोणी कोणाला सांगितले असेल, तर तेवढ्यापुरती ती परिषद कामाची ठरली, एवढे मानतो.

आता सांगा, तुमच्या झरीचे पाणी ज्या सड्यावरून येते तिथे चर खणणार कुठे? तो तर बंगलेवाल्याचा.

कुळागरी
अर्धा त्याचा. उरलेला अर्धा कोमुनिदादीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमीन-संस्थेचा, अजून मोकळा आहे. बंगल्याला डोंगरकापणीची परवानगी मिळाली होती का, हे मी टीसीपीकडे (नगर नियोजन खात्याकडे) माहिती अधिकारात विचारले आहे, उत्तर आले की इथे टाकतो. येत्या रविवारी ग्रामसभा आहे. मोकळ्या अर्ध्यावर चर खणायचा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला माणूस मिळाला, गर्दी हवी.

रानमोडी
मी तुमच्या पंचायतीतला नाही, मला मत नाही. पण खणायला येईन. फावडे आहे.

वाळपईकार
आमच्याकडची चार पोरे घेऊन येतो. पण पावसाआधी खणा. जांभा एकदा भिजला की कुदळ घसरते.